पावसाळ्यात पीएलए पातळ का होतं? वितळवताना जैवआधारित प्लास्टिक सांभाळण्याची पद्धत

रबाळे, महापे, तुर्भे, पवने किंवा ठाण्यातलं वागळे इस्टेट, कुठेही मोल्डिंगचा वा फिल्मचा गाळा असेल, तर गेल्या काही वर्षांत तुमच्याकडे कंपोस्ट होणाऱ्या मालाची चौकशी नक्की आली असेल. महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. १ जुलै २०२२ पासून केंद्राने चमचे, काटे, स्ट्रॉ, प्लेट अशा एकदाच वापरायच्या कितीतरी वस्तूंवर देशभर बंदी आणली. त्यानंतर बऱ्याच गाळ्यांमध्ये जुन्याच मशीनवर पीएलए, पीबीएटी (दोन्ही कंपोस्ट होणारी प्लास्टिकं), स्टार्चचं मिश्रण चालवायला सुरुवात झाली. मशीन पीपीचं (पॉलिप्रॉपिलीनचं), ऑपरेटर पीपीवर हात बसलेला, ड्रायर तर बहुतेक ठिकाणी साधा गरम हवेचा. आणि मग तक्रारी येतात: नोझलमधून गळतं, फ्लॅश (साच्याच्या फटीतून निघालेली पातळ कड) येतो, चमचा हातात तुटतो, फिल्मचा बबल उभा राहत नाही.

अशा वेळी पहिला हात तापमानाच्या बटणाकडे जातो. माझं म्हणणं एवढंच, की तो हात आधी थांबवा. वितळताना प्लास्टिक तुटतं, म्हणजे त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या तुटतात, ते पाण्यामुळे, वेळेमुळे, उष्णतेमुळे, घर्षणामुळे किंवा सोबत आलेल्या रसायनामुळे. ही कारणं एकेक करून बाजूला काढायची, आणि त्याच क्रमाने. आपल्या भागात जून ते सप्टेंबर पहिला संशयित पाणीच असतं.

आधी दाणा नेमका कोणता ते ठरवा

‘बायो’ या नावाखाली स्वभावाने अगदी वेगळे दाणे विकले जातात. उसाच्या इथेनॉलपासून बनलेलं पॉलिइथिलीन हे रचनेने नेहमीचं पॉलिइथिलीनच आहे. ते तुमच्या जुन्या सेटिंगवर चालेल आणि कंपोस्ट होणार नाही. त्यासाठी हा लेख वाचायची गरज नाही. पीबीएटी याच्या उलट: कंपोस्ट होतं, पण बहुतांशी खनिज तेलापासून बनतं. बाजारातल्या कंपोस्टेबल पिशव्यांमध्ये सहसा पीबीएटीत पीएलए किंवा स्टार्च मिसळलेला असतो. पीएलए मका किंवा उसातल्या साखरेपासून, आधी लॅक्टिक आम्ल करून बनवतात. पीएचबी आणि त्याची भावंडं जिवाणू आपल्या पेशीत अन्नसाठा म्हणून तयार करतात.

पीएलए, पीबीएटी आणि पीएचबी तिन्ही पॉलिएस्टर आहेत. त्यांच्या साखळीत ठरावीक अंतराने एस्टरचा जोड असतो, आणि गरम असताना पाणी तोच जोड तोडतं. साखळी आखूड झाली की माल पातळ होतो. पीपी आणि पीईमध्ये (पॉलिइथिलीनमध्ये) हा जोडच नाही, म्हणून ओला दाणा त्यांना सहसा फुगे आणि रेषांपलीकडे काही करत नाही. सवयीचा घोटाळा इथेच होतो. पीपीमध्ये ओलावा हा दिसण्याचा दोष आहे, पीएलएमध्ये तो ताकदीचा दोष आहे. चमच्यावर एकही रेष नसताना आतली साखळी अर्ध्यावर आलेली असू शकते.

पुरवठादाराचं तांत्रिक पत्रक मागून घ्या आणि त्यातल्या चार गोष्टी गाळ्याच्या भिंतीवर लावा: वितळण्याचं तापमान, सुकवण्याचं तापमान आणि वेळ, चालणारा कमाल ओलावा, आणि एमएफआय (वितळलेला माल ठरावीक वेळात किती वाहतो तो आकडा) कोणत्या तापमानाला किती वजनाखाली मोजला ते. पत्रक नसेल तर तो दाणा घेऊ नका.

पाण्याचा हिशोब

पाण्याचा एक रेणू साखळीचा एक जोड तोडतो. यावरून कागदावर साधा हिशोब करता येतो. समजा तुमच्या पीएलएचा सरासरी रेणुभार १,००,००० आहे. एक किलो दाण्यात मग ०.०१ मोल साखळ्या असतात. त्यात ०.१ टक्का, म्हणजे १,००० पीपीएम (दहा लाखात हजार भाग) पाणी असेल, तर ते एक ग्रॅम, म्हणजे साधारण ०.०५६ मोल. सगळं पाणी वापरलं गेलं तर साखळ्यांची संख्या साडेसहा पट होते आणि रेणुभार १५,००० वर येतो. २५० पीपीएम पाण्याने तो ४२,००० च्या आसपास जाईल, ५० पीपीएमने ७८,००० च्या.

प्रत्यक्षात सगळं पाणी साखळीवर खर्च होत नाही. काही वाफ होऊन हॉपरकडे (दाणा ओतायच्या नरसाळ्याकडे) किंवा व्हेंटमधून निघून जातं, आणि बॅरलमध्ये, म्हणजे दाणा वितळतो त्या नळीत, काही मिनिटंच मिळतात. तरीही दाणे बनवणारे पीएलएसाठी २५० पीपीएमची मर्यादा का सांगतात आणि २४० अंशांच्या वर चालवायचं असेल तर ५० पीपीएम का मागतात, ते या आकड्यांवरून कळतं. ‘हाताला कोरडा लागतो’ याला इथे काहीच अर्थ नाही. हजार पीपीएमचा दाणाही हाताला कोरडाच लागतो.

गरम हवेचा ड्रायर जानेवारीत चालतो, जुलैत का नाही

मला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे. दाणा तोच, ८० अंश तेच, चार तास तेच, मग थंडीत चांगला निघणारा माल पावसाळ्यात का बिघडतो?

गरम हवेचा हॉपर ड्रायर गाळ्यातलीच हवा घेतो, तापवतो आणि दाण्यातून सोडतो. हवा तापवल्याने तिच्यातलं पाणी कमी होत नाही. जुलैत ठाणे-नवी मुंबईच्या हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतलं पाणी थेंब होऊन सुटतं) २५ अंशांच्या आसपास असतो. ती हवा ८० अंशांपर्यंत तापवली तर तिची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७ टक्क्यांवर येते, त्याखाली नाही. जानेवारीत दवबिंदू १५ अंशांपर्यंत उतरला, तर तीच आर्द्रता साडेतीन टक्क्यांच्या जवळपास, म्हणजे निम्मी. दाणा त्याच्याभोवतीच्या हवेशी तोल साधून थांबतो. म्हणून पावसाळ्यात तुम्ही चार तासांऐवजी आठ तास सुकवलं तरी तो एका पातळीखाली जातच नाही, आणि पीएलएसाठी ती पातळी पुरेशी खाली नसते.

डिसिकंट ड्रायर हवेतलं पाणी आधी शोषून घेतो. त्याचा दवबिंदू उणे ४० अंश असतो, आणि ८० अंशांना तापवल्यावर त्या हवेची आर्द्रता ०.०३ टक्क्यांच्या आसपास राहते. पीएलए नियमित चालवणार असाल तर हा खर्च टाळू नका. नवं मशीन घेण्याआधी डिसिकंट ड्रायर घ्या, असं मी ठामपणे सांगेन. दिवसाला थोडाच माल लागत असेल तर व्हॅक्यूम ड्रायरही चालतो.

स्फटिक पीएलए ८० अंशांना साधारण चार तास. दाणा पारदर्शक, म्हणजे अस्फटिक असेल तर ८० अंशांना तो हॉपरमध्ये गठ्ठा होऊन बसेल, कारण ५५ ते ६० अंशांतच तो मऊ पडतो. त्याला ४५ ते ५० अंशांवर रात्रभर ठेवा. पीबीएटीची मिश्रणं सहसा ६० ते ६५ अंशांवर सुकवतात. स्टार्चच्या मिश्रणाबाबत पुरवठादाराचंच ऐका. त्यातला थोडा ओलावा आणि ग्लिसरीन हे त्याला मऊ ठेवणारे घटक आहेत, फार सुकवलं तर तो दाणा नीट वाहत नाही.

सुकवलेला दाणा पुन्हा पाणी ओढतो, आणि पावसाळ्यात फार पटकन. ड्रायरमधून काढून उघड्या टोपलीत ठेवून मशीनपर्यंत नेणं, मशीनच्या हॉपरचं झाकण उघडं टाकणं, जेवणाच्या सुट्टीत अर्धी पिशवी तशीच सोडणं, यांतली कुठलीही एक गोष्ट चार तासांचं काम वाया घालवते. ड्रायर मशीनवरच बसवा. ते जमत नसेल तर मशीनच्या हॉपरमध्ये पाव तासात संपेल एवढाच दाणा ठेवा. फॉइलची पिशवी अर्धी उरली तर तिचं तोंड उष्णतेने चिकटवून बंद करा, सुतळी बांधून नाही.

थंड पाण्याची फसवणूक

दोन गोष्टी पावसाळ्यात हमखास नजरेतून सुटतात.

हॉपरखालच्या फीड थ्रोटला (दाणा बॅरलमध्ये उतरतो त्या तोंडाला) चिलरचं पाणी दिलेलं असतं. ते १२ अंशांचं असेल आणि हवेचा दवबिंदू २५, तर थ्रोटच्या भिंतीवर पाणी सुटतं आणि सुकवलेला दाणा त्यातूनच आत जातो. पीएलए थ्रोटमध्ये चिकटू नये म्हणून थंडावा लागतोच, पण त्यासाठी २८ ते ३० अंशांचं, कूलिंग टॉवरचं पाणी पुरतं.

दुसरी गोष्ट साच्याची. साचा थंड असला की त्यालाही घाम येतो, आणि मालावर चंदेरी रेषा किंवा ठिपके उमटतात. ते दाण्यातल्या ओलाव्याच्या रेषांसारखेच दिसतात. लोक मग ड्रायरशी झगडत बसतात. फरक ओळखायला चिलर थोडा वेळ बंद करा, साच्याचं पाणी ३० अंशांवर येऊ द्या आणि साचा पुसून काही शॉट (एका वेळी साच्यात भरला जाणारा माल) घ्या. रेषा गेल्या तर दोष साच्याचा होता. राहिल्या तर दाण्याकडे वळा.

दाणा सुकला की नाही, हे गाळ्यातच पाहा

खात्रीचं मोजमाप कार्ल फिशर पद्धतीचं, ती रसायनाने फक्त पाणीच मोजते. हॅलोजन दिव्याचं मॉइश्चर बॅलन्स लॅक्टाइड (पीएलए तुटून सुटणारा छोटा रेणू) किंवा ग्लिसरीन उडालं तरी ते पाणी म्हणूनच मोजतं, त्यामुळे कमी पीपीएममध्ये त्याच्या आकड्यावर फार विसंबू नका.

रोजच्यासाठी काचपट्टीची चाचणी पुरेशी आहे. हॉटप्लेटवर प्रयोगशाळेतल्या दोन काचपट्ट्या २०० अंशांच्या आसपास तापवा. ड्रायरच्या तळाचे चार-पाच दाणे एका पट्टीवर ठेवा, दुसरी पट्टी वर ठेवून चिमट्याच्या पाठीने दाबा. दाणा वितळून चकती झाली की उजेडात धरा. चकतीत बारीक बुडबुड्यांची गर्दी असेल तर दाणा ओला आहे. एखाद-दुसरा बुडबुडा अडकलेल्या हवेचाही असतो, त्यावरून निकाल देऊ नका. दर शिफ्टच्या सुरुवातीला ही चाचणी ऑपरेटरलाच करू द्या. ज्याने स्वतःच्या डोळ्यांनी बुडबुडे पाहिले, तो झाकण उघडं ठेवत नाही.

वेळ: मोठ्या मशीनवर छोटा चमचा

दाणा सुकवूनही माल ठिसूळ येत असेल, तर तो बॅरलमध्ये किती वेळ थांबतो ते काढा. बॅरलमध्ये मावणारा माल भागिले रनरसकट (साच्यात माल नेणाऱ्या वाटांतल्या काडीसकट) एका शॉटचं वजन, गुणिले सायकल. बॅरलमध्ये ३०० ग्रॅम मावत असेल, शॉट ३० ग्रॅमचा आणि सायकल ३० सेकंदांची, तर पाच मिनिटं. त्याच मशीनवर १२ ग्रॅमचा शॉट लावलात की साडेबारा मिनिटं. सेटिंगमध्ये काहीही न बदलता उष्णतेचा मार अडीच पट झाला.

मावणारा माल नेमका माहीत नसेल तर थ्रोटमध्ये गडद मास्टरबॅचचे (घट्ट रंगाचे) थोडे दाणे टाका आणि रंग दिसायला किती शॉट लागतात ते मोजा. पूर्ण जायला किती लागतात तेही लिहून ठेवा. रंग आला पण जाता जात नसेल, तर नोझल, अडॅप्टर किंवा चेक रिंगजवळ माल अडून बसण्याची जागा आहे. तपकिरी ठिपके तिथूनच येतात, आणि तापमान कमी करून ते जात नाहीत. तो भाग उघडून साफच करावा लागतो.

शॉट मशीनच्या कमाल शॉटच्या (बॅरलमध्ये मावणाऱ्या एकूण मालाच्या नव्हे) निदान ४० टक्के असावा. त्याहून लहान असेल तर काम लहान मशीनवर हलवा किंवा साच्यात कॅव्हिटी वाढवा.

तापमान: पडद्यावरचं नाही, मालातलं

आता बटणाकडे या. पीएलए साधारण १५० ते १८० अंशांत वितळतं आणि १८० ते २१० मध्ये चालतं. पडद्यावरचा आकडा बॅरलच्या धातूचा असतो. स्क्रू जोरात फिरत असेल, बॅक प्रेशर जास्त असेल, तर आतला माल त्याहून १०-२० अंशांनी सहज गरम असतो. काही शॉट हवेत काढा, जाड पुठ्ठ्याच्या कपात घ्या, आधी तापवून ठेवलेला सुईचा थर्मोकपल त्यात घालून हलवत वाचन घ्या. स्क्रूचे फेरे कमी केल्यावर हे वाचन उतरलं तर हीटरला दोष देऊ नका, घर्षण कमी करा.

पीएलए जास्त तापलं की पाणी नसतानाही तुटतं. साखळीचं टोक स्वतःवरच वळतं आणि लॅक्टाइडचे तुकडे सुटत जातात, माळेच्या टोकाकडून मणी गळावेत तसे. दाणा बनवताना वापरलेल्या टिन उत्प्रेरकाचा अंश उरला असेल तर हे आणखी वेगाने होतं. खूण सोपी आहे: डाय लिपवर, चिल रोलवर, साच्याच्या व्हेंटवर पांढरी भुकटी बसते आणि डोळ्यांना, नाकाला झोंबतं. डायवर एक्झॉस्टचं हूड बसवाच. दिवसभर तिथे उभं राहणाऱ्या माणसासाठी ते मालाइतकंच गरजेचं आहे. शिवाय मालात अडकलेलं लॅक्टाइड पुढे हवेतलं पाणी ओढतं आणि गोदामातच माल कमजोर करत राहतं.

पीएचबीची गोष्ट निराळी

इथे सुकवण्यावर सगळी भिस्त ठेवून चालत नाही. पीएचबी १७५ ते १८० अंशांत वितळतं आणि वितळण्याच्या जरासं पुढे गेलं की तुटायला लागतं. त्याला पाण्याची गरज नसते. साखळी मधूनच कुठेही तुटते, टोकाला क्रोटोनेट गट येतात आणि क्रोटोनिक आम्लाचा उग्र वास सुटतो. दाण्यात उरलेले कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षारही या तुटण्याला मदत करतात. त्यामुळे चुनखडीचा फिलर घालून स्वस्त करायचा विचार इथे महागात पडतो.

म्हणून शुद्ध पीएचबीपेक्षा कमी तापमानाला वितळणारा, व्हॅलेरेट मिसळलेला ग्रेड घ्या. पहिल्या झोनमध्ये दाणा वितळवा आणि नोझलकडे तापमान उतरतं ठेवा. पीपीच्या सवयीने चढतं ठेवू नका. स्क्रू हळू फिरवा. साचा मात्र ५० ते ६० अंशांवर गरम ठेवा, कारण थंड साच्यात तो नीट स्फटिक होत नाही आणि चिकटून बसतो. सायकल लांबते म्हणून वरचं तापमान वाढवू नका.

खरंच तुटलं का? एमएफआयने ठरवा

ठिसूळ झालं म्हणजे साखळी तुटलीच असं नसतं. पीएलए मोल्ड झाल्यावर काही दिवस नुसतं ठेवलं तरी ठिसूळ होतं. पीएचबी गोदामात हळूहळू अधिक स्फटिक होत जातं आणि ठिसूळ बनतं. दोन्हींत रेणुभार शाबूत असतो. अशा मालासाठी बॅरलचं तापमान उतरवणं म्हणजे चुकीच्या जागी औषध लावणं. तिथे ग्रेड किंवा मऊ करणारा घटक बदलावा लागतो.

फरक एमएफआय सांगतो. सुकवलेला नवा दाणा आणि त्याच लॉटचा तुकडे करून, सुकवून घेतलेला माल, दोन्ही एकाच तापमानाला आणि २.१६ किलो वजनाखाली मोजा. नमुना ओला असेल तर तो मशीनच्या सिलिंडरमध्येच तुटेल आणि आकडा खोटा येईल. वितळलेल्या मालाचा घट्टपणा रेणुभाराच्या साधारण ३.४ व्या घातात बदलतो. म्हणजे रेणुभार १० टक्के घटला की एमएफआय जवळपास १.४ पट होतो, आणि १८ टक्के घटला की दुप्पट. मी १.५ पटीला लाइन थांबवून कारण शोधायला लावतो. स्टार्च किंवा फिलर असलेल्या दाण्यात हे सूत्र नेमकं लागू पडत नाही, पण चांगल्या दिवसाच्या मालाशी आजच्या मालाची तुलना तिथेही उपयोगी पडते.

आकडा वाढलेला निघाला तर एका वेळी एकच गोष्ट बदला: आधी सुकवणं, मग वेळ, मग तापमान, मग स्क्रूचे फेरे. प्रत्येक बदलानंतर बॅरलमधला जुना माल पूर्ण जाईपर्यंत थांबा आणि मगच नमुना घ्या.

रीग्राइंड, चेन एक्स्टेंडर आणि मास्टरबॅच

रनर दळून पुन्हा वापरता येतात, पण ते एकदा मार खाल्लेले आहेत आणि बहुधा अस्फटिक आहेत. ड्रायरमध्ये टाकण्याआधी त्यांना ढवळत ढवळत १०० अंशांच्या आसपास स्फटिक करून घ्यावं लागतं, नाहीतर गठ्ठा ठरलेला. प्रमाण १०-२० टक्क्यांच्या वर नेऊ नका. इपॉक्सी गटांचा चेन एक्स्टेंडर, जॉनक्रिलसारखा, तुटलेली टोकं पुन्हा जोडतो. १ टक्क्याच्या आतच वापरा, जास्त झाला तर फिल्ममध्ये जेलचे ठिपके येतात. ओल्या दाण्यावर पांघरूण म्हणून तो घालू नका. मास्टरबॅच आणि फिलर वेगळे सुकवा. आणि पीव्हीसीचा कण त्या ग्राइंडरमध्ये जाता कामा नये, त्यातून सुटणारं हायड्रोक्लोरिक आम्ल एस्टरचे जोड भराभर तोडतं.

वीज गेली तर

बॅरल तासभर तरी गरम राहतं आणि आतला माल तोवर तुटत राहतो. वीज जाताच हॉपरची झडप बंद करा, युनिट मागे घेता येत असेल तर घ्या. जनरेटर असेल तर सगळ्यांत आधी स्क्रूला जोडून माल बाहेर काढा. वीज आल्यावर हीटर पूर्ण तापले की साचा न लावता पर्ज करा, म्हणजे जुना माल हवेत काढून टाका, धार पूर्वीइतकी घट्ट आणि त्याच रंगाची होईपर्यंत. महावितरणने देखभालीसाठी वीजपुरवठा बंद ठेवण्याची सूचना दिली असेल, किंवा साप्ताहिक सुट्टी असेल, तर आधीच हॉपर रिकामा करून कमी एमएफआयच्या एलडीपीईने (घट्ट वाहणाऱ्या पॉलिइथिलीनने) बॅरल धुऊन घ्या आणि मशीन त्यावरच बंद करा. पीएचबी असेल तर दहा मिनिटांच्या थांब्यालाही हेच करा.

रेणुभाराची पक्की चाचणी हवी असेल तर जीपीसी (साखळ्या लांबीनुसार वेगळ्या करून मोजणारी चाचणी) करून घ्यावी लागते. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत पॉलिमरचा विभाग आहे, तिथे किंवा सिपेटकडे (केंद्राच्या प्लास्टिक तंत्रज्ञान संस्थेकडे) आधी चौकशी करा. नमुने तीन पाठवा: पिशवीतला दाणा, ड्रायरच्या तळातला दाणा आणि तयार माल. तिन्ही एकाच लॉटचे असू द्या, प्रत्येक फॉइलच्या पाकिटात सीलबंद करा, आणि पाकिटावर तारीख, वेळ, मालाचं मोजलेलं तापमान आणि त्या दिवशीचा ड्रायरचा दवबिंदू लिहा.